नाथसागरांतील मत्स्यगणना

आमच्यासारख्या देशस्थ घराचा माशांशीं संबंध काय तो पंचांगापुरता. बारावी रास मीन, चैत्रांतली मत्स्यजयंती, आणि माजघरांतील दशावतारांच्या तसबिरींत अगदीं डाव्या कोपऱ्यांत असलेला तो अर्धा देव नि अर्धा मासा; यापलीकडे त्या प्राण्याशीं आमच्या स्वयंपाकघराचें कधीं देणेंघेणें पडलें नाहीं. कोंकणांतील सारस्वत व्याह्यांकडे पहिल्यांदा जेवावयास गेलों, तेव्हां आमच्या घरांतील बायकांनीं शेजारच्या पानावरची नजर कशी चुकविली, ही गोष्ट आमच्याकडे अजून हंसत सांगितली जाते. अशा घरांत, प्राणिशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या माझ्या धाकट्या पुतण्यानें एके दिवशीं भर पंगतींत जाहीर केलें कीं, "मी नाथसागरांतले मासे मोजणार आहें."

मातोश्रींनीं हातांतला घांस खालीं ठेविला. "मोजणार म्हणजे मारणार कीं काय रे?"

"मारणारे रोजच मारीत आहेत, आजी. मी फक्त कोणते सांपडले तें लिहून ठेवणार."

"आणि लिहून काय होणार?"

या प्रश्नाला त्यानें तेव्हां उत्तर दिलें नाहीं. ताकभात संपवून तो उठला. परंतु प्रश्न माझ्या मनांत राहिला. पुढें हिवाळ्याच्या सुटींत त्याच्याबरोबर पैठणास जाण्याचा योग आला, आणि मोजण्याची ही खटाटोप कां करावयाची, हें थोडेंबहुत कळलें. तें वाचकांपुढें ठेवावें, म्हणून हा लेख.

छत्रपति संभाजीनगराहून (२०२३ सालापर्यंतच्या औरंगाबादेहून) पैठण सुमारें ५० किलोमीटर. आपल्या घरोघरचे हंडे ज्या पाण्यानें भरतात, तें पाणी याच वाटेनें, उलट दिशेनें, शहरांत येतें. गोदावरीवरील जायकवाडीच्या धरणाची कोनशिला लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं बसविली गेली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधींनीं त्याचें उद्‍घाटन केलें. मातीचा सुमारें १० किलोमीटर लांबीचा बांध, २७ दरवाजे, आणि त्याच्या पाठीमागें सुमारें ३५० चौरस किलोमीटर पसरलेलें पाणी. एकनाथ महाराजांच्या गांवचें म्हणून त्याला नाथसागर हें नांव मिळालें, आणि तें शोभतेंहि. पूर्ण भरला म्हणजे त्यांत २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावतें. मात्र विस्तार मोठा आणि खोली बेताची, असें हें तळें असल्यामुळें अवर्षणाचीं वर्षें त्याला फार जाचतात. २०१६ व २०१९ सालच्या उन्हाळ्यांत तें इतकें आटलें कीं, एरव्हीं ज्याला हात लावावयाचा नाहीं तो तळाचा साठाहि उपसावा लागला.

१९८६ सालापासून हा जलाशय पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून राखलेला आहे. हिवाळ्यांत येथें रोहित पक्षी येतात, परदेशचीं बदकें येतात, आणि त्यांच्या मागोमाग दुर्बिणी घेतलेलीं हौशी माणसें येतात. पक्षी दिसतो, म्हणून तो मोजला जातो. ज्या पाण्यावर तो उतरतो, त्या पाण्याखालीं काय आहे तें दिसत नाहीं. पाणपक्ष्यांपैकीं कित्येक ज्या माशांवर जगतात, ते कोणते आणि किती, याची चौकशी करण्यासाठीं पहाटे चार वाजतां उठून, चिखल तुडवीत काठावर जावें लागतें; आणि तेथें दुर्बिणीचा कांहीं उपयोग नसतो.

आम्ही पोंचलों तेव्हां पुरतें उजाडलेंहि नव्हतें. भोई व कहार मंडळींच्या नावा एकामागून एक काठास लागत होत्या. रात्रीं टाकलेलीं जाळीं ओढून, अडकलेले मासे सोडवून टोपल्या भरण्याचें काम बायकापुरुष मिळून करीत होते. जरा वरच्या अंगास एका व्यापाऱ्याचा टेंपो उभा होता. त्याच्याजवळ बर्फाच्या पेट्या, वजनाचा काटा, आणि एक लांबट लाल वही. मला वह्यांचें वेड. मासे पाहवले नाहींत तरी वही पाहवते. मीं तीच आधीं मागितली. पानावर उभे रकाने आंखलेले होते: कटला, रोहू, मृगळ, चिलापी, आणि शेवटचा, सर्वांत अरुंद रकाना, ‘इतर’.

"इतर म्हणजे काय?" मीं विचारलें.

"इतर म्हंजी इतर," व्यापारी म्हणाला. "बारीकसारीक. त्याला भाव न्हाई."

माझ्या पुतण्याचें सगळें काम त्या अरुंद रकान्यांत होतें. त्यानें बर्फांत जाण्यापूर्वींची ‘इतर’ची टोपली मागून घेतली, ती एका जुन्या ताडपत्रीवर पालथी केली, आणि तो नि एक वृद्ध भोई समोरासमोर उकिडवे बसले. हे भोईबाबा सत्तरीच्या पलीकडचे. धरण बांधलें जात असतां ते तरुण होते. मुलगा एकेक मासा उचली, शेपटीपर्यंत मोजपट्टी धरी, तराजूंत टाकी. आणि बाबा नांव सांगत. हा शिवडा, ही शिंगटी, ही वाम, हा मरळ. ज्या ढिगाला वहींत एकच शब्द होता, त्याला बघतां बघतां पंधरा-वीस नांवें मिळालीं. कांहीं मासे मला एकमेकांसारखेच दिसत; बाबा मात्र अंधुक उजेडांत, मिशांच्या केसांवरून नि कल्ल्याजवळच्या ठिपक्यावरून त्यांतला भेद सांगत, आणि मुलगा मान हलवून पुस्तकांतला लॅटिन शब्द शेजारीं लिही.

या लॅटिन शब्दांत एक गंमत आहे, आणि ती आपल्या वाचकांस मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १८२४ सालीं मुंबई सरकारनें विल्यम हेन्री साइक्स नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्याची दख्खनची आंकडेवारी गोळा करण्याकडे नेमणूक केली. शेतसारा, पीक, पाऊस, लोकसंख्या यांच्या जोडीला या गृहस्थानें पक्षी व मासेहि टिपले. लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळापुढें त्यानें दख्खनच्या माशांवर निबंध वाचला. त्याचा सारांश १८३९ सालीं आणि चित्रांसह संपूर्ण निबंध १८४१ सालीं प्रसिद्ध झाला. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी अशा नद्यांतील चाळीसांहून अधिक मासे त्यांत आहेत. आतां, नव्या जातीला शास्त्रीय नांव द्यावयाचें म्हणजे त्या काळचे साहेब बहुधा आपल्या एखाद्या मित्राचें अथवा वरिष्ठाचें नांव देत. साइक्सनेंहि कांहीं तसें केलें. पण बऱ्याच माशांना त्यानें नदीकांठच्या मराठी माणसानें जें नांव सांगितलें, तेंच लॅटिनच्या चौकटींत बसविलें. म्हणून आज जगांतल्या कोणत्याहि विद्यापीठांत दख्खनच्या महाशीर माशाला ‘टॉर खुड्री’ म्हणतात. मिशाळ शिंगाड्याला ‘सीनघाला’, आणि दुसऱ्या कित्येकांना ‘कोलस’, ‘ताकरी’, ‘नुक्ता’, ‘पोटैल’, ‘मूरे’, ‘बालूकी’. अक्षरें इंग्रजी कानानें ऐकल्यामुळें जरा वेडींवांकडीं झालीं आहेत, इतकेंच. ज्यांना आपण कधीं दारांतून आंत घेतलें नाहीं, त्या भोयांच्या तोंडचे शब्द अशा रीतीनें शास्त्राच्या पोथींत कायमचे जाऊन बसले. हाच साइक्स पुढें लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाचा अध्यक्ष झाला. मोजण्याची संवय माणसाला कोठें नेईल सांगतां येत नाहीं.

साइक्सच्या वेळीं पैठण निजामाच्या राज्यांत होतें. पलीकडचा नगर जिल्हा कंपनीचा. त्याचा मुख्य भर भीमेच्या खोऱ्यावर. तथापि भीमा काय अथवा गोदावरी काय, दोन्ही सह्याद्रींत उगम पावून पूर्वसमुद्राकडे जाणाऱ्या, आणि दोहोंतले पुष्कळसे मासे सामाईक. त्यामुळें बांध नसलेल्या, वाहत्या दख्खनी नद्यांत काय होतें, हें विचारावयाचें झाल्यास आजहि या जुन्या निबंधाकडेच वळावें लागतें.

घरीं परत आल्यावर मीं वडिलांच्या कपाटांतून ‘मानसोल्लास’ काढला. कल्याणीच्या चालुक्यवंशांतला राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेला हा संस्कृत ग्रंथ, गो. कृ. श्रीगोंदेकर यांनीं संपादून बडोद्याच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलेला, आमच्याकडे पाककृतींसाठीं अधूनमधून उघडला जात असे. त्यांत ‘मत्स्यविनोद’ नांवाचें एक प्रकरण आहे, याकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. गेलें असेल तर तें पान हळूच उलटलें गेलें असेल! राजानें माशांचे तिसाहून अधिक प्रकार नांवनिशीवार सांगितले आहेत. समुद्रांतले कोणते, नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, आणि कोणाला काय खाऊं घालावें. गळ टाकण्याच्या शोकापायीं लिहिलें असलें, तरी पाहणें नेमकें आहे. मातोश्रींना हें दाखविलें तेव्हां त्या म्हणाल्या, "संस्कृतांत आहे होय!" आणि त्या दिवसापासून पुतण्याच्या वहीला देवघराशेजारच्या कोनाड्यांत जागा मिळाली. मासळीचा वास असलेले कपडे मात्र अजूनहि मागील दारींच उतरावे लागतात.

पुतण्याला हा नाद लागला तो मात्र गोदावरीवरून नव्हे, आणि मानसोल्लासावरून तर नव्हेच. तो लागला एका चित्रपटावरून. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारें २३०० किलोमीटर लांब प्रवाळांची जी रांग आहे, जिला ‘ग्रेट बॅरियर रीफ’ म्हणतात, तिच्यांत माशांच्या दीड हजारांवर जाती नांदतात. टाउन्सव्हिल येथील सागरी विज्ञानसंस्था गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून या प्रवाळांची सालोसाल पाहणी करीत आली आहे. पाणबुडे ठरलेल्या जागीं ५० मीटर लांबीची रेषा धरतात, आणि तिच्या कडेनें पोहत, पाण्यांत लिहितां येईल अशा पाटीवर मासे टिपत जातात. प्रथम मोठे व चपळ मासे मोजावयाचे, कारण ते माणसाला पाहून पळतात. मग परत फिरून, प्रवाळांच्या फटींतच घर करून राहणारे लहान मासे मोजावयाचे. सगळ्या हिकमतीचा जीव एवढ्यांत आहे कीं, जागा तीच, रेषा तेवढीच, मोजण्याची रीत तीच. माणूस बदलला तरी रीत बदलावयाची नाहीं. समुद्राचें पाणी अतिशय तापल्यामुळें १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या सालांत तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. त्यांतून कोणता भाग सांवरला, कोणता सांवरला नाहीं, कोणते मासे परत आले, हें तेथील लोक ठामपणें सांगूं शकतात, कारण आपत्तीच्या आधींच्या वर्षांच्या वह्या त्यांच्यापाशीं आहेत. वैद्याला रोग्याची निरोगीपणींची नाडी ठाऊक असावी, तसें हें आहे.

आपल्याकडेहि मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोंवतीं प्रवाळ आहेत, आणि तो भाग १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. पण नाथसागर म्हणजे निळा समुद्र नव्हे. पावसाळ्यांत येथें कोपरापर्यंत हात बुडविला तर बोटें दिसत नाहींत. पाणबुड्यानें येथें काय पाहावयाचें? म्हणून डोळ्यांचें काम जाळ्याकडून करून घ्यावें लागतें. आणि जाळें हा फार पक्षपाती साक्षीदार आहे. जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या दोऱ्यांमधील मोकळी जागा, जेवढी असेल त्याच बेताचा मासा त्यांत अडकतो. त्याहून बारीक असेल तो सुळकन निघून जातो, मोठा असेल तो आंत शिरतच नाहीं. कटल्यासाठीं विणलेल्या जाळ्यानें तळें मोजलें, तर सगळें तळें कटल्याचेंच वाटणार. यासाठीं निरनिराळ्या आसांचीं जाळीं एका ओळींत, ठराविक लांबीचीं, ठराविक तास सोडावीं लागतात. उथळ पाण्यांत एकदां, खोल पाण्यांत एकदां, पाऊस सरल्यावर, थंडींत आणि उन्हाळ्यांत. शिवाय ज्या रात्रीं कांहींच सांपडलें नाहीं, ती रात्रहि टिपावी लागते. नवशिका येथेंच चुकतो. रिकाम्या जाळ्याची नोंद ही त्याला नोंदच वाटत नाहीं.

अलीकडे आणखी एक नवल निघालें आहे. मासा जातां येतां पाण्यांत आपल्या अंगचे सूक्ष्म कण टाकीत असतो. तें पाणी बारीक गाळणींतून गाळून, गाळांतील ‘डीएनए’ या आनुवंशिक द्रव्याची ओळख पटविली, तर मासा न पाहतां, न धरतां, तो येथें होता असें सांगतां येतें. माशांपुरती अशी एक पद्धति जपानी शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केली, आणि आतां ती जगभर वापरली जाते. आमच्या मातोश्रींना हीच रीत सर्वांत पसंत पडली, हें सांगावयास नकोच. पण तिलाहि एक अडचण आहे: ओळख पटवावयाची म्हणजे आधीं प्रत्येक जातीचा नमुना कोणींतरी हातांत धरून, नांव देऊन, संग्रहीं ठेविलेला पाहिजे. शेवटीं ताडपत्रीवर उकिडवें बसणारा मनुष्य चुकत नाहीं.

आतां मोजल्यावर काय दिसतें, तें एका कल्पित हिशेबानें सांगतों. दोन तळीं घ्या. दोहोंत माशांच्या दहा दहा जाती, आणि प्रत्येकांतून आपण शंभर शंभर मासे काढले. पहिल्यांत प्रत्येक जातीचे दहा. दुसऱ्यांत एकाच जातीचे ९१, आणि उरलेल्या नऊ जातींचा एकेक. नुसती यादी केली तर दोन्हीं तळीं सारखींच. प्रत्यक्षांत दुसऱ्या तळ्यांतल्या नऊ जाती एखाद्या वाईट उन्हाळ्याच्या अंतरावर उभ्या आहेत. अशा स्थितींत वजनाचा आंकडा वाढतहि असेल! वैविध्य म्हणजे केवळ किती नांवें हें नव्हे, तर त्यांचा वांटा कसा आहे, हें पाहणें. आणि व्यापाऱ्याच्या वहींतून हें कळणें अशक्य, कारण तेथें नऊच्या नऊ जाती ‘इतर’ होऊन बसतात.

नाथसागराची घडण अशीच दुसऱ्या तळ्याकडे ओढणारी आहे. नदी वाहती असते तेव्हां तिच्यांत खडक असतात, खळाळ असतात, गोट्यांचे तळ असतात. दख्खनच्या पुष्कळशा माशांचें वीण घालणें पुराच्या वाहत्या पाण्याशीं बांधलेलें आहे. बांध पडला कीं वाहतें पाणी थिजतें, गोट्यांवर गाळ बसतो, आणि वर चढून जाण्याची वाट बंद होते. अहीर नांवाचा सापासारखा मासा तर अंडीं घालण्यासाठीं नदींतून थेट समुद्र गांठतो आणि त्याचीं पोरें उलट नदींत चढतात. त्याच्या वाटेवर एवढी भिंत उभी राहिली म्हणजे त्यानें काय करावें?

उलट, जे मासे व्यापाऱ्याच्या वहींत ठळक अक्षरांत आहेत, ते बहुतेक बाहेरून आणलेले. कटला, रोहू, मृगळ हे मुख्यतः गंगेच्या खोऱ्यांतले. साठलेल्या पाण्यांत ते सहसा वीण घालीत नाहींत. परंतु १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांतील अंगुळ येथें डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनीं माशाच्या मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोंचून त्यांना कुंडांत अंडीं घालावयास लावलें, आणि तेव्हांपासून देशभरच्या धरणांतून त्यांचें बीज सोडणें शक्य झालें. चिलापी हा आफ्रिकेचा. तो १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणला गेला. त्याची मादी अंडीं व पिल्लें तोंडांत धरून सांभाळते, त्यामुळें त्याला कोणीं बीज सोडण्याची गरज नाहीं. एकदां शिरला कीं तो वाढतच जातो.

येथें कोणी म्हणेल, मग हे परके मासे आणणाऱ्यांनीं घोर अपराध केला. मला तसें म्हणवत नाहीं. काठावर ज्या बायका थंडींत कुडकुडत जाळीं झाडीत होत्या, त्यांच्या घरची चूल कटल्याच्या भावावर चालते. यांतल्या पुष्कळांच्या वाडवडिलांची जमीन अथवा जुने डोह याच पाण्याखालीं गेलेले. त्यांना ‘मूळचे मासे सांभाळा’ असा उपदेश शहरांतून येऊन, तोहि मासा न खाणाऱ्यानें करावा, हें शोभत नाहीं. मुद्दा एवढाच कीं, काय करीत आहोंत तें आपणांस दिसलें पाहिजे. न मोजतां केलेलें चांगलें कामहि कसें अंगावर येतें, याचें उदाहरण महाराष्ट्राच्याच एका माशाचें आहे.

वर ज्या ‘टॉर खुड्री’चा उल्लेख आला, तो आपला खडस, पुण्याच्या मुळा-मुठेंतून साइक्सनें वर्णिलेला. हा मोठा देखणा, ताकदवान मासा. नद्या बिघडत चालल्यामुळें तो कमी होऊं लागला, म्हणून लोणावळ्याजवळ वाळवण येथील टाटांच्या केंद्रांत त्याची कृत्रिम वीण घेऊन लाखों पिल्लें देशांतील निरनिराळ्या पाण्यांत सोडण्यांत आलीं. हेतु उत्तम, श्रम मोठे. त्यांतलीं कांहीं कावेरींत गेलीं. कावेरींत मूळचा एक वेगळा महाशीर आहे, पाठीवर वशिंड असलेला, जगांत अन्यत्र कोठें नसलेला. गळ टाकण्याच्या शोकानें तेथें जाणारीं माणसें आपण धरून परत सोडलेल्या माशांची वही ठेवीत. १९९८ ते २०१२ या काळांतल्या त्या वह्या शास्त्रज्ञांनीं उलगडल्या, तेव्हां दिसलें कीं महाशीर भरपूर सांपडत आहेत खरे, पण वाढला आहे तो आपला निळसर परांचा पाहुणा. वशिंडवाला जवळजवळ नाहींसा झाला आहे. त्याचें शास्त्रीय नांवसुद्धां २०१८ सालीं निश्चित झालें, आणि त्याच सालीं तो अत्यंत धोक्यांतल्या प्राण्यांच्या यादींत गेला. नुसती ‘महाशीर: इतके’ अशी एक ओळ त्या वह्यांत असती, तर सगळें आबादीआबाद वाटलें असतें. माणसांनीं गंमतीखातर रंग निराळा लिहिला, म्हणून कळलें.

खडसाला सांभाळण्याची दुसरीहि एक रीत आपल्याकडे आहे, आणि ती फार जुनी. महाडजवळ काळ नदींतल्या वाळण कोंडींत हे मासे देवीचे म्हणून राखलेले आहेत. भाविक त्यांना खाऊं घालतात, धरीत कोणी नाहीं. शतपथ ब्राह्मणांतल्या मनूनें हातांत आलेली मासोळी आधीं घागरींत, मग खड्ड्यांत, मग समुद्रांत नेऊन वाढविली, त्या कथेची आठवण मला हें वाचतांना झाली. अर्थात् मनूला एकच मासा सांभाळावयाचा होता.

दुपारीं आवराआवर करतांना मीं भोईबाबांना सहज विचारलें कीं, धरणाच्या आधीं पैठणाच्या डोहांत काय मिळे? ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "खडस व्हता. हाताएवढं खवलं. आमचा बा एकट्यानं उचलत नसे." मग जरा थांबून, नातवाकडे बोट दाखवून, "ह्येला इचारा. ह्याला ठावंच न्हाई. ह्याला चिलापीच नदीतला मासा वाटतो."

डॅनियल पॉली नांवाच्या मत्स्यशास्त्रज्ञानें १९९५ सालीं हीच गोष्ट एका लहानशा लेखांत मांडली होती: प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीं जें पाहिलें तेंच मूळ समजते, आणि त्यापासून झालेली घट तेवढी मोजते. आजोबांची घट नातवाच्या हिशेबांत येतच नाहीं. आपल्या घरांतून काय वेगळें होतें? विहिरींचे, झाडांचे, ओवींतल्या पाखरांचे कितीतरी शब्द आपल्या मातोश्रींपाशीं आहेत. आपल्यापाशीं नाहींत, आणि नाहींत याची चुटपुटहि नाहीं.

पुतण्यानें आपल्या वहींत खडसासाठीं एक ओळ आंखून ठेविली आहे. तिच्यापुढें अद्याप शून्य आहे. "म्हणजे तो गेला म्हणावयाचा?" असें मीं विचारलें, तर तो म्हणाला, "नाहीं काका. माझ्या जाळ्यांत आला नाहीं, एवढेंच. नसणें सिद्ध करायला पुष्कळ वर्षें लागतात." हें शून्य तो दर खेपेस नव्यानें लिहितो. मला तें पाहून प्रथम हंसूं आलें. आतां येत नाहीं.

त्या लाल वहीच्या धन्याशीं मात्र आमची थोडी बोलाचाली झाली. ‘इतर’चा रकाना जरा रुंद करून त्यांत निदान पांच-सहा नांवें तरी वेगळीं लिहावीं, असें मीं सुचविलें. त्याला तें वेळ घालविणें वाटलें. भाव नसलेल्या मालाला नांव कशाला? शेवटीं तडजोड झाली ती अशी: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं ‘इतर’ची टोपली बर्फांत टाकण्यापूर्वीं अर्धा तास बाजूला ठेवावयाची, भोईबाबांच्या नातवानें आजोबांना विचारून नांवें लिहावयाचीं, आणि त्या अर्ध्या तासाच्या बर्फाचे पैसे आम्ही द्यावयाचे. नातू सातवींत आहे, अक्षर बरें आहे. पहिलें पान गेल्या महिन्यांत आलें. त्यांत अकरा नांवें आहेत; पैकीं दोन पुतण्याच्या कोणत्याहि पुस्तकांत सांपडत नाहींत, आणि तीं कोणत्या माशांचीं, हें विचारण्यासाठीं तो येत्या सोमवारीं पहाटेच्या गाडीनें पुन्हां पैठणास जाणार आहे. मातोश्रींनीं त्याच्यासाठीं दशम्या करून ठेवावयास सांगितलें आहे, आणि बाबांसाठींहि चार जास्त.